राखीव खेळाडूंचा कोच

पहाटे ५

मार्च लागला की बडोद्यात गारवा उरतो तो पहाटेपुरता. रेल्वे कॉलनीत या वेळी रात्रपाळी संपवून परतणारा एखादा लोको पायलट दिसतो, बाकी सामसूम. चहा टाकायच्या आधी मी बॉल बघून घेतो. पंपाची सुई ओली केल्याशिवाय व्हॉल्व्हमध्ये घालायची नाही, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो आणि बॉल आठवड्यात बसतो. नियमात साडेआठ ते साडेपंधरा पौंड हवा चालते. पोरांच्या चार नंबरच्या बॉलमध्ये मी आठ-नऊच्या वर जात नाही. आमचं मैदान मार्चमध्ये टणक झालेलं असतं. त्यात बॉल कडक भरला की पायाला लागून दोन हात लांब उडतो, आणि ज्या पोराला बॉल थांबवायला शिकवायचं ते बॉलला घाबरायलाच शिकतं.

आज संध्याकाळी मोठ्या संघाची लीगची मॅच आहे. त्यांना सकाळी विश्रांती. सकाळची वेळ पंधरा वर्षांखालच्या पोरांची.

साडेसहा

प्रतापनगर म्हणजे रेल्वे. पश्चिम रेल्वेच्या वडोदरा विभागाचं डीआरएम ऑफिस इथंच, कॉलनी इथंच, आणि गायकवाडांच्या नॅरोगेजच्या आठवणीही इथंच जपून ठेवलेल्या. १८६२ मध्ये डभोई ते मियागाम ही लाइन सुरू झाली तेव्हा डबे बैल ओढायचे. आता प्रतापनगरहून डभोईमार्गे ब्रॉडगेज जाते, २०२१ पासून केवडियापर्यंत मेमू धावते, आणि त्याच गाडीने डभोईचा एक पोरगा माझ्याकडे खेळायला येतो.

मैदानाच्या मधोमध क्रिकेटची पिच आहे. हे शहर क्रिकेटचं. विजय हजारे, चंदू बोर्डे, अंशुमन गायकवाड, किरण मोरे आणि पुढे पठाण बंधू, पंड्या बंधू इथून गेले. इथं पोराच्या हातात बॅट आधी येते आणि फुटबॉल मागाहून, एखाद्याच्याच पायाला लागतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आम्ही पिच सोडून अर्ध्या मैदानात कोन लावतो.

आजचा धडा एकच, बॉल पायात येण्याआधी मागे बघणे. दोन पोरं दहा-बारा पावलांवर समोरासमोर उभी करायची. एक पास देणार, दुसरा घेणार. घेणाऱ्याच्या मागे मी उभा. पास निघाला की मी हात वर करून बोटं दाखवतो. पोराने खांद्यावरून मान वळवून बोटं बघायची, परत बॉलकडे बघायचं, बॉल थांबवायचा आणि आकडा सांगायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो. करायला गेलं की कळतं. बॉल येताना डोळे त्याच्यावरून हलवायला जीव होत नाही.

दांडिया बाजारातून येणारा एक मराठी घरातला मुलगा आहे, तेरा वर्षांचा, अंगाने किरकोळ. आज त्याने सलग चार वेळा न बघताच आकडा सांगितला.

"बघितलंस?"

"हो सर, बघितलं."

"किती बोटं होती?"

"तीन."

माझी मूठ मिटलेली होती. मी त्याला रागावलो नाही. त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि त्याचा टेकलेला पाय दाखवला. तो पाय सरळ बॉलच्या रोखाने रोवलेला, गुडघा ताठ. अशा पायावर उभं राहून मान वळतच नाही, वळवली तर तोल जातो. पाय थोडा तिरका ठेव, गुडघा सैल सोड, बॉलला पूर्ण तोंड न देता अर्धं अंग बाजूला ठेव. दोन-तीनदा चुकलं, मग मान वळली. पाचव्या पासाला तो ओरडला, "दोन!" आणि बॉल त्याच हालचालीत बाहेरच्या पायाने पुढे ढकलून पळाला. मैदानावर मला जे काही कमवायचं असतं ते त्या एका ढकलण्यात आहे.

मला हे शिकवायला कुणी नव्हतं. मी कोल्हापूरचा, पेठेतला. आमच्याकडे फुटबॉल तालमीतून येतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, नावंच कुस्तीची, आणि खेळातही ती रग. शाहू स्टेडियममध्ये मॅच असली की गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते. पेठेची इभ्रत पणाला लागलेली असते आणि बंदोबस्ताला पोलीस उभे असतात. तिथं मी स्टॉपर म्हणून खेळलो. हेड मारायला, अंगावर घ्यायला, ओरडून लाइन वर काढायला शिकलो. बॉल येण्याआधी मागे बघायचं असतं हे मात्र मुंबईला गेल्यावर, मागून येणाऱ्या फॉरवर्डांनी बॉल काढून नेला तेव्हा कळलं. तोवर मी विशी ओलांडली होती. विशीत पायाला लागलेली सवय मोडत नाही. म्हणून तेराव्या वर्षी मान वळवायला शिकवायची.

पावणेनऊ

घरी आंघोळ, पोहे. बायको विचारते, "अहो, डबा न्यायचा का? आज तर अर्धाच दिवस ना?" नेतो. मॅचच्या दिवशी बाहेरचं खात नाही, ही खेळायच्या दिवसांतली शिस्त अजून टिकून आहे.

साडेनऊ ते दीड

ऑफिस. मी रेल्वेच्या पास सेक्शनला आहे. पास आता ऑनलाइन निघतात, तरी निवृत्त मंडळी कागद हातात घेऊन खिडकीशी येतात, आणि आलेल्या माणसाला परत पाठवायचं नाही हा आमच्या सेक्शनचा नियम आहे. कामाबद्दल जास्त लिहीत नाही. पण ही नोकरी मला फुटबॉलने दिली, म्हणून तिच्याबद्दल एवढं तरी सांगायला हवं.

खेळाडू कोट्यातून रेल्वेत लागलो तेव्हा मुंबईत एका ऑफिस संघात मानधनावर खेळत होतो, मधे एक हंगाम गोव्यात दुसऱ्या डिव्हिजनला काढला होता. एका क्लबने हंगामाचे अखेरचे पैसे दिले नाहीत. संतोष ट्रॉफीच्या कॅम्पला बोलावणं आलं, अंतिम यादीत नाव आलं नाही. माझ्यासारखे खेळाडू प्रत्येक जिल्ह्यात शेकड्यांनी असतात. वर्तमानपत्रात त्यांचं नाव येतं ते बदली खेळाडूंच्या ओळीत. रेल्वेने अशा माणसांना पगार दिला, स्पर्धेसाठी विशेष रजा दिली, आजारपणात दवाखाना दिला. १९६० च्या दशकात रेल्वेच्या संघाने तीनदा संतोष ट्रॉफी जिंकली ती याच व्यवस्थेवर. पी. के. बॅनर्जी ईस्टर्न रेल्वेचे. १९५८ मध्ये त्यांच्या संघाने कलकत्ता लीग जिंकली. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मडन ही तीन बडी घराणी बाजूला सारून रेल्वेचे नोकरदार पहिले आले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचा कप्तान हाच रेल्वेवाला होता. ते बड्या क्लबांत कधी खेळायला गेले नाहीत, गेले ते कोच म्हणून.

ऑफिसात नोकरी आणि मैदानावर कोच, हे जगात इतरत्रही चालतं. इटलीचे मॉरिझिओ सारी बँकेत काम करायचे आणि संध्याकाळी गावोगावच्या हौशी संघांना शिकवायचे. व्यावसायिक फुटबॉल ते कधी खेळले नाहीत. पुढे नापोली, मग चेल्सीबरोबर २०१९ मध्ये युरोपा लीग, युव्हेंटसबरोबर २०२० मध्ये इटलीची लीग. आमच्या सेक्शनमध्ये कुणी म्हणालं, की कोचिंग करायचं तर मोठा खेळाडू असावं लागतं, तर मी हे नाव सांगतो.

आज दीडला मस्टरवर अर्धी रजा लिहून निघालो. शिपाई म्हणाला, "साहेब, आजे मॅच छे?" तो दर मॅचला येतो.

तीन

मॅचच्या दिवसातलं सगळ्यांत अवघड काम आता. अकरा नावं लिहायची, आणि जे अकरांत नाहीत त्यांना सांगायचं.

मी खेळत असताना एका क्लबात यादी भिंतीला चिकटवलेली असायची. बूट घालून, पायाला पट्ट्या बांधून, तेल लावून यायचं आणि भिंतीसमोर उभं राहून आपलं नाव शोधायचं. नसलं की काय करायचं हे कुणी सांगायचं नाही. त्या दिवसापासून मी ठरवलेलं आहे, कोच झालो तर यादी लागायच्या आधी प्रत्येक राखीव पोराशी समोरासमोर बोलेन आणि कारण सांगेन. 'बघू पुढच्या वेळी' हे कारण नव्हे. 'त्यांचा डावा विंग वेगवान आहे, तुझा वळायला वेळ लागतो, म्हणून आज तुझ्या जागी दुसरा' हे कारण.

डभोईचा पोरगा उजवा बॅक आहे. गाडी वेळेवर आली, पोचला, बॅग खाली ठेवली. मी त्याला बाजूला घेतलं.

"आज तू बेंचवर. त्यांचा विंग पहिला तासभर फार पळेल, मग दमेल. दमला की तू. तेव्हा तुला वर जायचंय, नुसतं थांबवायचं नाही. तोवर बसून काय बघायचं?"

"त्याचा कुठला पाय चालतो ते."

"आणि?"

"आत वळतो की लाइनने जातो."

तो नाराज होता, तोंडावर दिसत होतं. असावंच. नाराज न होणारा राखीव खेळाडू मला नको. पण त्याला बेंचवर बसून करायचं काम मिळालेलं होतं. मोठे खेळाडू कोच झाले की ही एक गोष्ट त्यांच्याकडून निसटते असं मी पाहिलं आहे. बेंचवर बसणं कसं असतं ते त्यांना माहीतच नसतं. सगळ्या संघांत निम्मी पोरं बेंचवरची किंवा बेंचच्या कडेची असतात. त्यांना सांभाळलं तर हंगाम सांभाळला जातो, अकरा तर कुणीही निवडेल.

साडेचार

ऊन अजून तोंडावर. शिट्टी झाली. पहिली वीस मिनिटं आमच्या हाफांना बॉल सापडेना. समोरचा संघ लांब किक मारून दुसरा बॉल उचलत होता, म्हणजे हेड होऊन खाली पडलेला. आमचा स्टॉपर उंच आहे, तो हेड जिंकत होता, पण खाली पडेल तिथं आमचं कुणी नव्हतं. बत्तिसाव्या मिनिटाला तशाच एका पडलेल्या बॉलवर गोल खाल्ला.

लाइनवर उभं राहून फार ओरडू नये या मताचा मी आहे. मैदानातला खेळाडू दोन शब्दांच्या पुढे ऐकत नाही. मी एकदाच हाफला हाक मारली, "खाली ये!" आणि हाताने जागा दाखवली. तो पाच पावलं मागे, स्टॉपरच्या पुढ्यात आला. पुढचे दोन पडलेले बॉल त्यानेच घेतले.

मध्यंतर. पीकेंच्या व्होकल टॉनिकबद्दल खूप ऐकलेलं आहे. मध्यंतराला त्यांचं भाषण ऐकून खेळाडू पेटून उठायचे म्हणतात. माझ्याकडे तो आवाज नाही आणि माझ्या पोरांना त्या वेळी भाषण नको असतं, पाणी हवं असतं. पहिली पाच मिनिटं मी गप्प असतो. श्वास खाली बसू देतो. मग दोनच गोष्टी सांगतो, आजच्या दोन अशा होत्या. एक, स्टॉपर हेडला उडाला की एक हाफ त्याच्या खाली. दोन, बॉल मिळाला की पहिला पास आडवा नको, उजव्या बाजूला पुढे. एवढं कोनांनी जमिनीवर मांडून दाखवलं. तिसरी गोष्ट सांगितली की पहिल्या दोन विसरल्या जातात.

साठाव्या मिनिटाच्या आसपास त्यांचा विंग कमरेवर हात ठेवून उभा राहायला लागला. डभोईच्या पोराने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आधी त्याने बिब काढला.

"काय पाहिलंस?"

"उजवाच पाय सर. आतच येतो. बाहेर सोडला तर पण जात नाही."

तो आत गेला आणि विंगला बाहेरची बाजू मोकळी सोडून आतली वाट धरून उभा राहिला. दोनदा बॉल काढून घेतला. दुसऱ्या वेळी थांबला नाही, लाइनने तसाच वर गेला, क्रॉस मारला. क्रॉस काही सुंदर नव्हता, कमरेएवढा आला. आमच्या फॉरवर्डने पाय लावला, गोलीच्या अंगाला लागून आत. एक-एक. शेवटी तसंच सुटलं.

बरोबरी. गुण एक. खेळाचा दर्जा, खरं सांगायचं तर, मध्यम. पण बेंचवर बसून एका पोराने प्रतिस्पर्धी वाचला आणि त्यावर खेळला. लीगच्या तक्त्यात हे लिहिलेलं नसतं, माझ्या वहीत असतं.

पावणेसात

बिब मोजून घेतले. एकाचा घोटा सुजला, त्याला बर्फ, पाय वर, आणि उद्या ऑर्थोकडे. त्याच्या घरी फोन केला, रिक्षाने पाठवला. बाकीच्यांना घेऊन सेव-उसळीच्या गाडीवर. बडोद्याची सेव-उसळ आमच्या कोल्हापुरी मिसळीची धाकटी बहीण आहे, रस्सा तिखट, वर बारीक शेव. पोरांच्या गप्पा गुजरातीत, हिंदीत, मधेच एखादं मराठी वाक्य.

त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "सर, यातून पुढे काय होतं?" प्रश्न रास्त आहे. मी खोटं बोलत नाही. महिंद्रा युनायटेडसारखा लीग जिंकलेला संघ २०१० मध्ये कंपनीने बंद केला. एअर इंडिया आणि ओएनजीसी २०१३ मध्ये क्लब लायसन्सच्या अटींमुळे आय-लीगबाहेर गेले. मुंबई एफसी २०१७ ला खाली घसरली आणि परत उभी राहिली नाही. ऑफिस संघांच्या आधारावर ज्यांनी आयुष्य उभं केलं त्यांच्या पायाखालची जमीन अशी सरकत गेली. पण मी त्यांना खालिद जमील यांचंही सांगतो. महिंद्रा, एअर इंडिया, मुंबई एफसी असे ते खेळले. मुंबई एफसीचे कोच असताना तुटपुंज्या पैशांत वर्षानुवर्षं संघ आय-लीगमध्ये टिकवून ठेवला. २०१६ मध्ये ते काम सुटलं. पुढच्याच हंगामात ऐजॉलला गेले. तो संघ आदल्या वर्षी खाली घसरला होता, त्याला पुन्हा जागा मिळाली होती. २०१७ ला ऐजॉल भारताचा लीग विजेता झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारतीय संघाचे मुख्य कोच झाले. हे कौशल्य मोठ्या क्लबात आलेलं नाही. पैसा नसताना, चांगला खेळाडू दुसऱ्याने पळवून नेलेला असताना, उरलेल्यांतून संघ बांधण्याची सवय लहान क्लबातच लागते.

डभोईच्या पोराची गाडी होती. त्याला स्टेशनपर्यंत सोडून आलो. आज तो बोलत होता, मी ऐकत होतो.

नऊ

जेवण. फोन दोन. एक कोल्हापूरहून, जुन्या जोडीदाराचा. "काय लेका, जिंकलास का हरलास?" तो तिथल्या लीगबद्दल तासभर बोलू शकतो. अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला तेव्हापासून कोल्हापुरात आई-बापांचा सूर बदलला आहे असं तो म्हणतो, पोराला स्वतः मैदानावर आणून सोडतात. मला ते ऐकून बरं वाटतं.

दुसरा फोन एका आईचा. मुलगा पुढच्या वर्षी दहावीला जाणार. "सर, एप्रिलपासून त्याला बंद करतोय, दहावी झाली की परत पाठवू." दर मार्चमध्ये असे फोन येतात. मी वाद घातला नाही. सकाळचा दीड तास, आठवड्यातून चार दिवस, एवढंच मागितलं, आणि परीक्षेच्या दोन महिने आधी मीच थांबवेन असा शब्द दिला. चौदा ते सोळा या वर्षांत खेळाडूची नजर आणि पाय एकमेकांना सापडतात. ती वर्षं मैदानाबाहेर गेली की परत आलेला मुलगा उंच असतो, ताकदवान असतो, पण मान वळवत नाही. त्या बाईंनी "यांना विचारून सांगते" म्हटलं. उद्या पुन्हा फोन करेन.

दहा

वही. मॅचचे मिनिटवार टिपण, प्रत्येक खेळाडूपुढे एक ओळ. ही सवय लायसन्सच्या कोर्सने लावली. डी लायसन्स करायला गेलो तेव्हा बरोबरची निम्मी मंडळी माझ्यासारखीच होती, गुडघा गेलेली, नोकरीवाली, तिशी उलटलेली. पुढे सी, बी, ए आणि सगळ्यांत वर प्रो. प्रत्येक पायरीला पैसे लागतात, रजा लागते आणि खरोखरच्या संघाबरोबर काम केल्याचा पुरावा लागतो. खेळताना जे अंगात होतं ते शब्दांत कसं मांडायचं, दीड तासाचा सराव कसा आखायचा, बारा वर्षांच्या पोराला किती पळवायचं आणि कधी थांबवायचं, हे मी तिथं शिकलो. मी खेळाडू होतो एवढ्यावर मला शिकवता आलं नसतं.

म्हणून जिल्हा लीग, तालीम, ऑफिस संघ, कॉलेज यांतून खेळून आता घरी बसलेल्या सगळ्यांना माझी विनंती आहे. तुम्ही भारताकडून खेळला नसाल, राज्याकडूनही नसाल. तुम्ही बेंचवर बसलात, यादीतून वगळले गेलात, दुखापतीतून परत आलात, हे सगळं पोरांच्या कामाचं आहे. डी लायसन्सच्या कोर्सची चौकशी आपल्या राज्याच्या फुटबॉल संघटनेकडे करा, फॉर्म भरा, आणि कोर्स झाला की घराजवळच्या मैदानावर सकाळी उभे राहा. पोरं येतात.